ऐकणाऱ्या दोघी

मला गाता येत नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मागं उभं राहिलं की सगळ्या वर्गाचा आवाज एकदम ऐकू यायचा, आणि तो मला फार आवडायचा. आजही कुणी विचारतं, एवढं वेड आहे गाण्याचं, तर गाता का? मी सांगते, न्हाई, ऐकते. पूर्वी हे सांगताना मी ओशाळायची. आता ओशाळत नाही. त्याची हकीकत सांगायची तर रेणापूरपासून सुरुवात करावी लागेल.

आमचं घर शेतीतलं. वडिलांकडं चामड्याच्या पिशवीतला एक रेडिओ होता आणि तो बहुतेक वेळ त्यांच्यासोबत शेतातच असायचा. त्यांना त्यातल्या दोनच गोष्टींशी देणंघेणं, बातम्या आणि बाजारभाव. ते संपलं की ते उठून कामाला लागायचे, रेडिओ मात्र लिंबाच्या फांदीला तसाच बोलत राहायचा. दुपारची भाकरी पोचवायचं काम मी स्वतःहून मागून घेतलं होतं, कारण बाजारभावानंतर गाणी लागायची. लिंबाखाली बसून मी ती ऐकायची. काय आवडायचं, असं विचाराल तर सगळंच. त्या वयात मला आवडनिवड नव्हती, भूक होती. त्यातल्या त्यात रडकी गाणी जास्त आवडायची. त्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत. ‘हिज्र’ हा शब्द वरचेवर यायचा, तर ते कुठल्यातरी गावाचं नाव असेल आणि तिथं गेलेलं माणूस परत येत नसेल, अशी मी समजूत करून घेतली होती.

हळूहळू सुरुवातीच्या वाद्यांवरून मला गाणं ओळखू यायला लागलं. मग कधीतरी किराणा दुकानदाराच्या हे लक्षात आलं. त्याच्याकडंही रेडिओ होता. मी साखर-चहापत्ती आणायला गेले की तो गिऱ्हाइकांना थांबवून म्हणायचा, आता बघा, ही पोरगी गाणं सुरू व्हायच्या आधी सांगती. मी सांगायची, आणि मग तेच गाणं लागायचं. लोक हसायचे, मान डोलवायचे. ही गोष्ट फिरत फिरत वडिलांच्या कानावर गेली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण दुसऱ्या दिवशी शेतात जाताना रेडिओ घरीच ठेवून गेले. आई म्हणाली, विसरले वाटतं. विसरणारे नव्हते ते.

दहावीनंतर कॉलेजसाठी मी लातूरला आत्याकडं राहायला गेले. आत्याचं घर गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका गल्लीत होतं. आत्या भजनी मंडळातली, सकाळी अंघोळ झाली की टेपरेकॉर्डरवर भजनं लावायची. पण तो टेप म्हातारा झालेला. त्यातून येणारा प्रत्येक बुवा गोधडी पांघरून गातोय असं वाटायचं. आत्याला त्याची सवय झाली होती. मला सहन होईना.

गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान एका मुसलमान कुटुंबाचं. पिढ्यान्‌पिढ्या लातुरात राहिलेलं, आधी घड्याळं दुरुस्त करणारं आणि मग रेडिओकडं वळलेलं. मी टेप घेऊन गेले तेव्हा दुकान चालवणारे चाचा नव्हते, त्यांची मुलगी बसली होती. माझ्याच वयाची, आणि नंतर कळलं की माझ्याच वर्गातली. ओढणी कमरेला खोचलेली, हातात बारीक स्क्रूड्रायव्हर. मी विचारलं, चाचा कधी येतील? तिनं टेप माझ्या हातातून घेतला, कॅसेट सुरू केली, आणि कापसाच्या बोळ्यानं आतलं काहीतरी पुसलं. मग टेप चालू असतानाच आतला एक इवलासा स्क्रू फिरवायला लागली. अगदी जरासा इकडं, जरासा तिकडं. डोळे मिटलेले. आणि बुवांच्या अंगावरची गोधडी कुणीतरी ओढून काढावी तसा आवाज मोकळा झाला. बुवांच्या मागं डग्गा वाजतोय, टाळ दोन जोड्या आहेत, एक डावीकडं एक उजवीकडं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

“आता ऐक,” ती म्हणाली. “आतापर्यंत तू ऐकतच नव्हतीस.”

मला राग यायला हवा होता. रेणापुरात माझ्या कानांचा केवढा बोलबाला. पण ती म्हणत होती ते खरं होतं, आणि ते मला लगेच कळलं.

तिथून आमची मैत्री झाली. कॉलेज सुटलं की मी तिच्या दुकानात जाऊन बसायची. दुरुस्त झालेला टेप वाजवून बघायला चाचांनी एका खोक्यात जुन्या कॅसेटी ठेवल्या होत्या. गझला, कव्वाल्या, नाट्यगीतं, शहनाई, जे मिळेल ते. आमचं संगीताचं शिक्षण त्या खोक्यातून झालं. ती मला उर्दू शब्दांचे अर्थ सांगायची. हिज्र हे गाव नसून ताटातूट आहे हे तिनंच सांगितलं, आणि इतकी हसली की चाचांनी आतून विचारलं, क्या हुआ. मी तिला भावगीतांतले आणि अभंगांतले शब्द उलगडून सांगायची. वाद मात्र रोज. मला गाण्यात शब्द लागायचे. शब्द चांगले असले की बाकी सगळं मी माफ करायची. तिला आवाज लागायचा. कुठल्या वाद्याजवळ माइक होता, गाणारीनं तोंड कधी वळवलं, हे ती सांगायची आणि बहुधा बरोबर असायचं. एखादं गाणं मला रडू आणायचं तेव्हा ती म्हणायची, गाणारी चांगली हाय, पण खोली खराब हाय.

दुकानात बसणं आत्याला पसंत नव्हतं. बाजारात चार माणसांत पोरीच्या जातीनं काय बसायचं, असं तिचं म्हणणं. पण तिचा टेप आता इतका गोड वाजत होता की मंडळातल्या बायका आपापले टेप आत्याकडं आणून द्यायला लागल्या आणि ते पोचवायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. त्यानंतर आत्या बोलायची थांबली.

आमची दोघींची एक लाडकी गझल गायिका होती. तिचं नाव मी लिहीत नाही. आमच्यासाठी ती ‘ती’च होती. तिच्या एका कॅसेटवर आम्ही इतकं प्रेम केलं की तिची फीत झिजली. ती नांदेडला येणार असल्याचं कळलं तेव्हा आम्ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. जायचं तर होतंच, पण दोन पोरींना लातूरहून नांदेडला कोण पाठवणार? शेवटी चाचा म्हणाले, मी येतो. आत्यानं त्यांना दारात बोलावून विचारलं, तुमी शेवटपर्यंत सोबत राहणार ना? चाचा म्हणाले, हाव. तेवढ्यावर परवानगी मिळाली. नांदेडात माझ्या मैत्रिणीच्या मामूंचं घर होतं, मुक्काम तिथं.

अहमदपूर, लोहा करत एस.टी. नांदेडला पोचली तोवर आमचं सगळं बोलणं संपलं होतं. कार्यक्रम एका शाळेच्या मैदानावर होता. पुढच्या खुर्च्या बड्या लोकांसाठी, आम्ही मागं. गायिका आली, बसली, गायला लागली. मला डोळ्यांतलं पाणी आवरेना. शेजारी बघते तर माझी मैत्रीण अस्वस्थ.

“इथं काहीच ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “नुसतं घुमून राहिलंय.”

ती उठली आणि माझा हात धरून मैदानाच्या मध्यभागी घेऊन गेली. तिथं एका टेबलावर आवाजाची यंत्रं मांडून एक प्रौढ गृहस्थ बसले होते. त्यांनी आम्हाला हातानं बाजूला व्हायला सांगितलं. आम्ही दोन पावलं सरकलो आणि तिथंच उभ्या राहिलो. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग नाद सोडला. तिथं आवाज खरंच वेगळा होता. गायिकेनं श्वास घेतला तर कळत होता. मी डोळे मिटून घेतले.

सकाळच्या गाडीनं परतताना मी तिला विचारलं, काय साडी होती गं तिची? नेसणं बघितलंस? तिला साडीचा रंगच सांगता येईना. संपूर्ण कार्यक्रमात तिनं गायिकेकडं पाहिलंच नव्हतं. मला धक्का बसला, थोडा रागही आला. एवढ्या लांब येऊन बघितलं काय मग? तर म्हणाली, त्या माणसाचे हात. तो सूर लागायच्या आधी बोट हलवतो. मागून धावत नाही. त्याला तिचं गाणं पाठ आहे.

मग पुढच्या सीटवर बसलेल्या वडिलांना ती म्हणाली, “अब्बा, मला ते काम करायचंय.”

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चाचांनी आमच्यासाठी चहा आणला, आणि चहाचा ग्लास तिच्या हातात देताना म्हणाले, आधी दुकान पुरतं शिक, मग बघू. ती माझ्याकडं बघून हसली. चाचांच्या तोंडी ‘बघू’ म्हणजे होकार, हे आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं.

पुढची वर्षं आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. मी डी.एड. केलं आणि किनवट तालुक्यात इस्लापूरच्या शाळेत लागले. लग्न झालं, नवरा नांदेडला रेल्वेच्या कार्यालयात. त्यांना गाणं लागलं की झोप येते. पहिल्यांदा मला याचं दुःख झालं. नंतर मी ती दाद समजायला लागले, आणि आमचं बरं चाललं.

तिनं दुकान पुरतं शिकून घेतलं. चाचांनी भाड्यानं देण्यासाठी लाउडस्पीकरचे चार डबे घेतले. तिचं लग्न मामूंच्या मुलाशीच झालं आणि तो लातूरलाच येऊन राहिला. त्याचा टेम्पो होता, त्यामुळं डबे वाहून न्यायची सोय घरातच झाली. पण काम मिळेना. लग्नघरी, उरुसात, जिथं जाईल तिथं लोक तिच्या नवऱ्याला विचारायचे, ऑपरेटर कुठं आहे? तो तिच्याकडं बोट दाखवायचा. मग लोक पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलवायचे. तिनं हे मला फोनवर सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नाही, हवापाण्याची बातमी द्यावी तसं. मलाच झोंबलं.

वाट मोकळी केली ती आत्यानं. भजनी मंडळाच्या सप्ताहाची तयारी चालू होती आणि मंडप, आचारी, माइक सगळं ठरत होतं. आत्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, आवाज माझ्या भाचीच्या मैत्रिणीचा राहील, नसता मी टाळ हातात घेणार न्हाई. आत्याच्या टाळाशिवाय त्या मंडळाचं पान हलत नव्हतं. सप्ताहात माइकनं एकदाही शिट्टी मारली नाही. एवढी एकच गोष्ट लातुरात पसरली आणि तिला पुरली. देवळात भजनाला चालते तर लग्नाला का चालू नये, असा विचार लोकांनी केला असणार.

इस्लापुरात माझे कान पुन्हा एकदा शाळेत गेले, असं म्हणायला हरकत नाही. तोवर मी स्वतःला चोखंदळ समजायला लागले होते. गझल, ठुमरी, थोडं शास्त्रीय, यापलीकडचं सगळं मला गोंगाट वाटायचं. इथं शेजारी तेलुगू गाणी लावायचे, तीही मोठ्यानं. पहिलं वर्ष मी खिडक्या लावून घेत होते. मग एकदा होळीच्या दिवसांत जवळच्या तांड्यावरच्या, माझ्या शाळेतल्या पोरांच्या आईबापांनी मला बोलावलं. बंजारा बायका गोल करून लेंगी गात होत्या. शब्द मला कळत नव्हते. कुणाच्या गळ्यात तयारी म्हणावी तशी तयारी नव्हती. पण एक ओळ या बाजूनं उठायची आणि दुसऱ्या बाजूच्या बायका ती मध्येच झेलायच्या, आणि सगळं मिळून काहीतरी फिरत राहायचं. मी आयुष्यभर शब्दांसाठी गाणं ऐकणारी. त्या संध्याकाळी एकही शब्द न कळता मी उभी होते आणि माझ्या अंगावर काटा होता.

मी तिला फोन केला. जमेल तसं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलंही. ती म्हणाली, रेकॉर्डिंग भंगार, पण गाणं सोनं आहे. मी येते. पुढच्या होळीला ती खरंच रेल्वेनं इस्लापूरला उतरली, खांद्याला यंत्राची पेटी. तांड्यावरच्या बायकांना तिनं कुठं उभं राहा, कुठं बघा, असलं काही सांगितलं नाही. तुम्ही नेहमी कशा उभ्या राहता तशाच राहा, म्हणाली, आणि माइक झाडाच्या फांदीला बांधून टाकला.

गाणं झाल्यावर बायकांना ऐकायचं होतं. तिनं कानावर लावायचं यंत्र आधी सगळ्यांत म्हाताऱ्या बाईंना दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे मिटले. बाकीच्या बायका हसत होत्या, ओढत होत्या, बाई हलल्या नाहीत. सगळं गाणं ऐकून झाल्यावर त्यांनी ते उतरवलं आणि म्हणाल्या, “यात माझी आई गाऊन राहिली.”

पोरी म्हणाल्या, आजी, तो तुझाच आवाज आहे. त्या म्हणाल्या, माझाच असंल, पण ती माझी आईच हाय. मग त्यांनी ते यंत्र परत मागून घेतलं आणि गाणं पुन्हा ऐकलं. माझी मैत्रीण तिथं जमिनीवर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. तिनं मला नंतर सांगितलं की कामाबद्दल मिळालेली तेवढी मोठी दाद तिला दुसरी माहीत नाही. मला विचाराल तर, त्या दोघींना एकत्र आणणारी मी होते, याचा मला अजून अभिमान आहे. त्यानंतर मी खिडक्या लावून घेणं बंद केलं. शेजाऱ्यांची तेलुगू गाणी मला पाठ झाली आणि त्यातली काही मी आजही भाजी चिरताना लावते.

बदली होऊन मी नांदेडला आले तोवर मुलगा मोठा झाला होता. त्याच्या कानात सदा काहीतरी चालू. एकदा मी विचारलं, काय ऐकतोस? तर त्यानं ऐकवलं. कुणीतरी पोरगं ठेक्यावर भराभर बोलत होतं. मी म्हटलं, याला चाल कुठं आहे? मुलानं ते गाणं सरळ माझ्या मैत्रिणीला पाठवलं. तो तिला मावशी म्हणतो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, त्याला नव्हे, मला. “चाल नको शोधू. बोलतोय कसं ते ऐक. तुझं रेणापूर हाय त्यात.”

मी पुन्हा ऐकलं. खरंच होतं. ‘लई’, ‘न्हाई’, ‘करून राहिलो’, सगळं तसंच, कुठंही पुसून-धुऊन न घेतलेलं. डी.एड.ला असताना माझ्या अशाच बोलण्यावर वर्गात हसू फुटायचं, आणि मी जीभ वळवून वळवून पुस्तकी बोलायला शिकले होते. तीच बोली हे पोरगं छाती काढून ठेक्यावर म्हणत होतं आणि माझ्यासारख्या शब्दवेडीला ते आधी कळलं नाही. आता मुलगा आणि मी रविवारी एकमेकांना एकेक गाणं ऐकवतो. नवरा शेजारी झोपलेला असतो.

दिवाळीच्या पहाटे नांदेडला गोदावरीच्या घाटावर गाण्याचा कार्यक्रम होतो, तसा आमच्या भागातल्या रसिकांच्या मंडळाचाही एक छोटा कार्यक्रम दुसऱ्या एका घाटावर असतो. त्या मंडळात मी कितीतरी वर्षं आहे. खुर्च्या मांडण्यापासून गायकाला हार घालण्यापर्यंत सगळं आम्हीच करतो. गेल्या वेळी एका फार मोठ्या गायिकेनं यायचं कबूल केलं आणि आम्ही सगळेच घाबरलो. आवाजाचं काय, असा प्रश्न निघाला. बाई आवाजाच्या बाबतीत कडक असल्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. नीट नसेल तर गाणं थांबवतात. मी माझ्या मैत्रिणीचं नाव सुचवलं. मंडळातले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, लातूरहून कशाला? आणि लग्नकार्य वेगळं, हे वेगळं. मनात आलेलं तिसरं कारण त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ते टेबलावर पडलेलंच होतं.

मी वाद घातला नाही. म्हटलं, तुम्ही एकदा कानानं ऐका, मग ठरवा. त्यांना शब्द लागला असावा, कारण ते खरंच लातूरला गेले, तिथल्या एका कार्यक्रमात मागं बसून ऐकलं, आणि पुढच्या बैठकीत म्हणाले, मला स्पीकर कुठं ठेवलेत तेच कळलं नाही, आवाज नुसता माणसाकडून येत होता. त्यांनी स्वतःच तिला फोन लावला. मला तो माणूस तेव्हापासून आवडायला लागला.

ती आदल्या दिवशी दुपारीच टेम्पो घेऊन आली. फटाक्यांची भीती वाटते का, असं मी विचारलं, तर म्हणाली, फटाके वाजून जातात, वारं जात नाही. उजाडायच्या सुमाराला नदीवरचं वारं फिरतं, ते कुठून कुठं फिरतं ते बघायला हवं. मग ती घाटाच्या पायऱ्यांवरून टाळ्या वाजवत फिरत राहिली. टाळी वाजवायची, थांबायची, ऐकायची, पुढं जायची. येणारेजाणारे बघत होते. मीही तिच्या मागं फिरत होते, कारण कुठल्या पायरीवर टाळी कशी परत येते हे मलाही ऐकायचं होतं.

पहाटे पणत्या लागल्या, लोक स्वेटर-शाली घेऊन आले, बाई व्यासपीठावर बसल्या. मी मुद्दाम पुढची खुर्ची सोडून तिच्या टेबलापासून थोडी मागं बसले. बाईंनी षड्ज लावला.

गाणारं माणूस मंचावर काय करतं हे मी जन्मभर बघत आलेय. आवाज मनासारखा नसेल तर ते बाजूला बघतं. एक बोट वर करतं, वाढवा. हाताचा पंजा खाली करतं, कमी करा. कधी नुसती भुवई उडते. मोठमोठ्या शहरांतल्या मोठमोठ्या मैफलींत मी हे पाहिलेलं आहे. मी वाट बघत होते. पहिला राग झाला, दुसरा सुरू झाला, पलीकडच्या काठावर फटाक्यांची माळ वाजून गेली, नदीवरून गार झुळूक आली. बाईंनी एकदाही बाजूला पाहिलं नाही. हळूहळू त्यांचे डोळे मिटले ते मिटलेच. देवघरात बसल्यासारख्या गात होत्या. आणि टेबलामागं माझी मैत्रीण, डोक्यावर ओढणी, बोटं बटणांवर, सूर यायच्या आधी हलणारी.

माझ्या शेजारी एक ओळखीच्या बाई बसल्या होत्या. त्या माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, काय गातायत हो. मी म्हटलं, हो. मग माझ्यानं राहवेना आणि मी म्हटलं, तो आवाज आहे ना, तो माझ्या मैत्रिणीनं धरलेला आहे. त्यांना नीट कळलं नाही. त्या मंचाकडं बघून म्हणाल्या, बाई तुमच्या मैत्रीण आहेत? मी ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि टेबलाकडं हात केला. त्यांनी तिकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं, आणि त्यानंतर मधूनमधून त्याही तिकडं बघत राहिल्या.

कार्यक्रम संपला, उन्हं वर आली. बाईंना भेटायला ही गर्दी. मी गर्दीत न शिरता टेबलाकडं गेले. तिनं मला पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा, की सांग, काय चुकलं?

मी म्हणू शकले असते की काहीच नाही. पण तिला तसलं उत्तर चालत नाही. मी म्हटलं, “दुसऱ्या रागात, वारं आलं तेव्हा, तंबोऱ्याचा आवाज जरासा पुढं आला होता.”

तिनं हातातली वायर गुंडाळायची थांबवली.

“आला होता,” ती म्हणाली. “मी लगेच मागं घेतला. तुझ्याशिवाय कुणाला कळलं नसंल.”

मग ती पुन्हा वायर गुंडाळायला लागली, आणि मी तिला मदत करायला गेले तर म्हणाली, नको, तुला गुंडाळता येत नाही, तू फराळ आण. मी चिवडा आणि अनारसे घेऊन आले. तिचा नवरा डबे टेम्पोत चढवत होता. बाई गाडीकडं जाताना आमच्या जवळून गेल्या. तिला त्यांनी ओळखलंही नाही. तिनं हातातला अनारसा खाली ठेवून त्यांना नमस्कार केला, त्यांनीही हसून केला आणि गेल्या.

दोन दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात अर्धं पान आलं. घाट होता, पणत्या होत्या, बाईंचा शालू होता, रागांची नावं होती, आमच्या मंडळाचंही कौतुक होतं. आवाजाबद्दल एक अक्षर नव्हतं. मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला आणि खाली लिहिलं, तुझं नाव राहिलं. तिचा बोललेला निरोप आला. मागं दुकानातला कुठलासा रेडिओ चालू होता आणि ती हसत होती. म्हणाली, बरं झालं, काही चुकलं असतं तर नक्की छापून आलं असतं.

तिचं बरोबर होतं. तरी मी ते कात्रण घेऊन शाळेत गेले आणि शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि जे त्यात लिहिलेलं नव्हतं ते स्वतः सांगितलं.